प्रवाह, पूरमैदान आणि काळ : फ्लोरिडातील किसिमी नदीच्या पुनरुज्जीवनाचा अभ्यास

प्रस्तावना

नदीच्या पुनरुज्जीवनाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिचा भर मुख्यतः पाण्याच्या परिमाणावर असतो. धरणातून किती पाणी सोडावे, नदीत किमान किती टक्के प्रवाह राखावा, हे तिचे नेहमीचे प्रश्न होत. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्र शासनाने गंगेच्या पर्यावरणीय प्रवाहाविषयी जी अधिसूचना काढली, तिच्यातही हरिद्वारपर्यंतच्या वरच्या टप्प्यासाठी नोव्हेंबर ते मार्च 20 टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे या महिन्यांत 25 टक्के आणि जून ते सप्टेंबर 30 टक्के असे प्रमाण ठरविलेले आहे. ऋतुमानाचा विचार करणारी ही अधिसूचना महत्त्वाची आहे, यात शंका नाही. तथापि नदीत पाणी किती आहे या प्रश्नाच्या जोडीने ते किती दिवस टिकते, काठाबाहेर कधी पसरते आणि किती सावकाश ओसरते, हे प्रश्नही तितकेच मूलभूत आहेत. किंबहुना पाणथळ जागांच्या दृष्टीने हे दुसरे प्रश्नच आधीचे होत.

या विधानाचा पडताळा पाहण्यासाठी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील किसिमी नदीचे उदाहरण प्रस्तुत लेखात घेतले आहे. याचे कारण असे की, या नदीतील पाणी कोणी अन्यत्र वळविले नव्हते. पाऊस तोच होता, पाणलोट क्षेत्र तेच होते आणि वरच्या सरोवरांतून निघालेले पाणी पूर्वीप्रमाणेच खालच्या सरोवराला मिळत होते. बदलला होता तो केवळ पाण्याचा मार्ग आणि त्या मार्गावर त्याला लागणारा वेळ. तरीही नदी जवळजवळ मृत झाली. ती पुन्हा जिवंत करण्यासाठी कालवा खोदण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट रक्कम आणि तीसहून अधिक वर्षे खर्ची पडली.

कालव्यापूर्वीची नदी

ऑर्लँडो शहराच्या दक्षिणेस लहानमोठ्या सरोवरांची एक साखळी आहे. त्या साखळीतील किसिमी सरोवरातून ही नदी निघते आणि दक्षिणेकडे वाहत ओकीचोबी या विस्तीर्ण सरोवरास मिळते. त्याच्याही दक्षिणेला एव्हरग्लेड्सचा जगप्रसिद्ध पाणथळ प्रदेश पसरलेला आहे. त्यामुळे किसिमीचे पाणलोट क्षेत्र म्हणजे संपूर्ण दक्षिण फ्लोरिडाच्या जलव्यवस्थेचे उगमस्थान होय.

मूळ नदीची लांबी सुमारे 166 किलोमीटर होती. भूप्रदेश इतका सपाट की पात्राचा उतार दर किलोमीटरला अवघा 7 सेंटिमीटर. अशा उतारावर नदी नागमोडी वळणे घेत, जुनी वळणे सोडून देत, नालाकृती सरोवरे मागे ठेवत रेंगाळत जाणार हे उघड आहे. तिच्या दोन्ही अंगांस मिळून दीड ते तीन किलोमीटर रुंदीचे पूरमैदान होते. कालव्यापूर्वीच्या नोंदींवरून अभ्यासकांनी जो अंदाज केला आहे, तो आपल्या पूरविषयक कल्पनांना धक्का देणारा आहे : या पूरमैदानाचा सुमारे 94 टक्के भाग निम्म्याहून अधिक काळ पाण्याखाली असे. म्हणजे ज्याला आपण ‘पूर’ म्हणतो, ती येथे आपत्ती नसून नदीची नित्याची अवस्था होती. पाणी चढे सावकाश आणि उतरेही सावकाश. रुंद पानांच्या पाणवनस्पती, ओलसर गवताळ पट्टे, पाणझुडपे यांची एक गुंतागुंतीची वीण त्या मैदानावर तयार झाली होती. तिच्यात मासे अंडी घालीत आणि ते मासे टिपण्यासाठी बगळे व करकोचे येत. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकांचे थवे उतरत.

भूगोलाच्या वर्गात आपण डेव्हिसच्या क्षरणचक्राच्या आधारे नदीच्या बाल्य, तारुण्य आणि वृद्धावस्था शिकवितो, आणि नागमोडी वळणे ही वृद्धत्वाची खूण म्हणून सांगतो. ‘वृद्ध’ या शब्दाबरोबर मंदपणा आणि निरुपयोगिता यांची छटा नकळत विद्यार्थ्याच्या मनात शिरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. किसिमीच्या अभियंत्यांनी डेव्हिस वाचला होता की नाही हा प्रश्न वेगळा. पण रेंगाळणारी नदी म्हणजे अकार्यक्षम नदी ही समजूत त्यांच्या आराखड्याच्या मुळाशी होती, हे नाकारता येत नाही.

सरळ रेषेचा मोह

1947 साली सप्टेंबर आणि ऑक्टोबर महिन्यांत लागोपाठ आलेल्या चक्रीवादळांमुळे दक्षिण फ्लोरिडाचा फार मोठा भाग जलमय झाला. शेते, कुरणे, वसाहती दीर्घकाळ पाण्याखाली राहिल्या. पूरनियंत्रणाची मागणी जोरात होऊ लागली आणि 1948 साली अमेरिकन संसदेने मध्य व दक्षिण फ्लोरिडासाठी एका प्रचंड प्रकल्पास मान्यता दिली. किसिमीच्या खोऱ्यातील काम 1954 साली त्यात समाविष्ट झाले. ही मागणी लोकांची होती, आणि ती अवास्तव नव्हती. आज मागे वळून पाहताना अभियंत्यांना खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्यांना एकच प्रश्न विचारला गेला होता : वरच्या खोऱ्यातील पाणी लवकरात लवकर खाली कसे न्यावे? त्या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर अचूक होते.

1962 ते 1971 या काळात सैन्याच्या अभियांत्रिकी दलाने नदीच्या जागी सी-38 नावाचा कालवा खोदला. लांबी 90 किलोमीटर, खोली 9 मीटर आणि रुंदी जवळजवळ शंभर मीटर. मूळ नदीची 166 किलोमीटर लांबी अशा रीतीने जवळपास निम्म्यावर आली. कालव्यावर ठिकठिकाणी सहा जलनियंत्रण दरवाजे बसविण्यात आले, त्यामुळे वाहत्या नदीचे पाच पायऱ्यांच्या साचलेल्या जलाशयांत रूपांतर झाले. खोदकामातून निघालेल्या मातीचे ढिगारे काठावरच, म्हणजे पूरमैदानावर, लावण्यात आले. ही माती पुढे उपयोगी पडणार होती, पण तेव्हा ते कोणाच्या मनातही नसावे.

ज्या वर्षी कालवा पुरा झाला, त्याच वर्षी, 1971 मध्ये, ऑर्लँडोजवळ डिस्ने वर्ल्ड सुरू झाले. किसिमीच्या उगमप्रदेशात त्यानंतर झालेली नागरी वाढ लक्षात घेतली, म्हणजे कालवा पूर्णपणे बुजविणे पुढे का अशक्य ठरले याचा उलगडा होतो.

पाणी असूनही नदी नाही

कालव्याचे परिणाम दिसू लागण्यास फार काळ लागला नाही. 12 ते 14 हजार हेक्टर पाणथळ जमीन कोरडी पडली आणि तिचे बव्हंशी गुरांच्या कुरणांत रूपांतर झाले. हिवाळी बदके व इतर पाणपक्ष्यांचा वावर 92 टक्क्यांनी घटला. पाण्यातून चालत भक्ष्य टिपणाऱ्या बगळ्यांची जागा गायबगळ्याने घेतली. हा पक्षी आपल्याही परिचयाचा आहे. त्याला नदी लागत नाही, चरणारी गुरे असली म्हणजे पुरे. एखाद्या प्रदेशात पक्षी आहेत की नाहीत एवढेच मोजणाऱ्याची दिशाभूल कशी होऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

जुन्या नदीची वळणे कालव्याच्या दोन्ही बाजूंस तुटक तुकड्यांच्या रूपाने शिल्लक होती. त्यांत पाणीही होते. परंतु ते वाहत नव्हते. वाहत्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या वाळूच्या तळावर कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर साचला. त्याच्या विघटनात पाण्यातील विरघळलेला प्राणवायू संपू लागला. प्राणवायूची गरज अधिक असलेले, मच्छीमारांच्या आवडीचे बास जातीचे मासे घटले आणि हवेतून श्वास घेऊ शकणारे गार व बोफिन यांसारखे मासे वाढले. पाण्याचा नमुना बाटलीत भरून पाहिला तर पाणीच दिसले असते. नदी मात्र त्यात नव्हती.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म होता. जलनियंत्रणाच्या नव्या वेळापत्रकानुसार वरच्या सरोवरांतील पाणी पूरनियंत्रणाच्या सोयीने सोडले जाई. त्यामुळे कधी मोठा विसर्ग, तर कधी दीर्घकाळ शून्य विसर्ग, अशी स्थिती निर्माण झाली. फ्लोरिडातही पाऊस मुख्यतः जून ते ऑक्टोबर या काळात पडतो. पूर्वी या पावसाचे पाणी सरोवरांत व पूरमैदानावर मुरत-साचत कोरड्या महिन्यांतही नदीला पुरत असे. कालव्याने पाण्याची ही साठवण मोडली आणि तिच्याबरोबर ऋतूंचा क्रमही विस्कटला.

उलट प्रवास

कालव्याविरुद्धची लोकचळवळ तो पूर्ण होण्यापूर्वीच सुरू झाली होती. 1976 साली फ्लोरिडा राज्याच्या विधिमंडळाने किसिमीच्या पुनःस्थापनेसाठी कायदा केला. परंतु कायदा होणे आणि उपाय सापडणे यांत अंतर असते. प्रारंभीच्या काळात प्रत्येक गटाची मागणी निराळी होती. शिकाऱ्यांना बदके हवी होती, गळाने मासे धरणाऱ्यांना बास हवा होता, शासकीय यंत्रणांना ओकीचोबी सरोवरात जाणारे स्फुरद कमी करावयाचे होते. प्रत्येक उद्दिष्टासाठी वेगळा छोटा उपाय सुचविला जाई : येथे एक तळे, तेथे एक बांध, एखाद्या ठिकाणी वनस्पतींची लागवड.

1984 ते 1990 या काळात एक प्रायोगिक प्रकल्प राबविण्यात आला. कालव्यात पोलादी पत्र्यांचे तीन खाचयुक्त अडथळे उभारून पाणी जुन्या वळणांकडे ढकलण्यात आले. या प्रयोगाने दोन गोष्टी शिकविल्या, आणि त्यांतील दुसरी अधिक मोलाची होती. पहिली अशी की, पाणी परत मिळताच पूरमैदानावर पाणवनस्पती आपोआप उगवून आल्या. जमिनीत सुप्त राहिलेल्या बियांमुळे लागवडीची फारशी आवश्यकता उरली नाही. दुसरी अशी की, पाणी झपाट्याने ओसरले तर पूरमैदानावरील प्राणवायूरहित, कुजलेल्या द्रव्यांनी भरलेले पाणी एकदम पात्रात येते आणि मासे मरतात. पाणी दिले म्हणजे नदी वाचते, ही समजूत येथे प्रत्यक्ष अनुभवाने खोटी ठरली. पाणी देण्याइतकेच ते काढून घेण्याची गतीही महत्त्वाची होती. शिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी प्रतिकृती व गणिती प्रारूपे यांच्या साहाय्याने जो अभ्यास केला, त्यावरून सुटे अडथळे पुरेसे नाहीत, कालव्याचा बराच मोठा सलग भाग मातीने बुजविलाच पाहिजे, असा निष्कर्ष निघाला.

1988 साली ऑर्लँडो येथे भरलेल्या परिसंवादात विचारांची दिशा निश्चित झाली. अमुक पक्षी किंवा तमुक मासा हे उद्दिष्ट न ठेवता संपूर्ण नदी-पूरमैदान व्यवस्थेची परिसंस्थात्मक अखंडता हे एकच उद्दिष्ट स्वीकारण्यात आले. हा तात्त्विक वाद वाटेल. पण त्याचा व्यवहारावर थेट परिणाम झाला. उद्दिष्ट एकच झाल्यामुळे ते मोजण्याची परिमाणे ठरविणे शक्य झाले.

पाच निकष

ही परिमाणे म्हणजे किसिमीच्या अनुभवाचा गाभा होय. ती जलशास्त्रीय स्वरूपाची आहेत आणि त्यांत एकाही प्राण्याचे वा वनस्पतीचे नाव नाही. नदीतून प्रवाह अखंड असावा आणि त्याचा कालावधी व चढउतार कालव्यापूर्वीच्या नोंदींशी मिळताजुळता असावा, हा पहिला निकष. पाणी पात्राच्या आत असताना त्याचा सरासरी वेग दर सेकंदास 0.24 ते 0.55 मीटर या मर्यादेत राहावा, हा दुसरा. विसर्ग सेकंदाला 40 ते 57 घनमीटर, म्हणजे 1,400 ते 2,000 क्युसेकच्या वर गेला की पाणी पूरमैदानाच्या बहुतांश भागावर पसरलेच पाहिजे, हा तिसरा. पाण्याची पातळी उतरण्याचा वेग सामान्यतः महिन्याला 0.3 मीटरपेक्षा, म्हणजे एका फुटापेक्षा, अधिक नसावा, हा चौथा. आणि पूरमैदान पाण्याखाली राहण्याची वारंवारता पूर्वीसारखी असावी, हा पाचवा. हे पाचही निकष एकाच वेळी पूर्ण व्हावयास हवेत, अशी अट घालण्यात आली.

या पाचांपैकी एकही निकष केवळ ‘किती पाणी’ असे विचारत नाही. अखंडता, वेग, ओसरण्याची गती, वारंवारता या साऱ्या काळाशी निगडित संकल्पना आहेत. तिसरा निकष पाण्याच्या परिमाणाचा भासतो. परंतु तोही वस्तुतः पात्र किती उथळ व अरुंद असावे याविषयीचा आहे. 9 मीटर खोल कालव्यात 2,000 क्युसेक पाणी तळाशी निमूट वाहून जाते, तर मूळ नदीत तेच पाणी काठ ओलांडते. पाण्याचा आकडा तोच, भूमीवरील त्याचा अर्थ मात्र निराळा. आपल्याकडे धरणातून सोडलेल्या क्युसेकचे आकडे वृत्तपत्रांत रोज छापून येतात. त्या आकड्यांना पात्राच्या आकाराची जोड दिल्याशिवाय त्यांवरून नदीविषयी काहीच कळत नाही.

चौथा निकष प्रस्तुत लेखकास सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. महिन्याला एक फूट ही गती म्हणजे दिवसाला एक सेंटिमीटर. या सावकाशपणामुळे माशांच्या पिलांना पात्रात परतण्यास अवसर मिळतो, उथळ होत जाणाऱ्या डबक्यांत बगळ्यांना भक्ष्य सापडत राहते आणि पूरमैदानावरील कुजलेले पाणी हळूहळू मिसळल्याने पात्रातील प्राणवायू टिकतो. धरणाचे दरवाजे बंद करण्याचा निर्णय काही मिनिटांत होतो. नदीला मात्र त्यासाठी महिने लागतात.

बुजविलेला कालवा

1992 साली अमेरिकन संसदेने पुनःस्थापनेच्या योजनेस मान्यता दिली आणि 1999 साली प्रत्यक्ष कामास प्रारंभ झाला. काठावर दशकानुदशके पडून असलेले मातीचे ढिगारे पुन्हा कालव्यात लोटण्यात आले. जेथे कालव्याने जुने पात्रच गिळले होते, तेथे ते नव्याने खोदावे लागले. 2000 साली एक जलनियंत्रण दरवाजा स्फोटाने उडवून देण्यात आला. पुढे आणखी एक काढण्यात आला. त्यापूर्वी 40 हजार हेक्टरहून अधिक जमीन संपादन करावी लागली, कारण ज्या मैदानावर पाणी पसरावयाचे, त्यावर आता लोकांची मालकी होती. खर्चाचा मोठा वाटा या जमिनीने घेतला.

2021 सालच्या जुलैमध्ये बांधकाम पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. सुमारे 35 किलोमीटर कालवा बुजविला गेला, सुमारे 70 किलोमीटर नदी पुन्हा वाहू लागली आणि सुमारे 100 चौरस किलोमीटरचा नदी-पूरमैदान प्रदेश पुनःस्थापित झाला. एकूण खर्च शंभर कोटी डॉलरच्या आसपास गेला. येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे : कालव्याचा वरचा व खालचा भाग आजही कालवाच आहे. वरच्या खोऱ्यातील वसाहतींचे पूरसंरक्षण कमी होणार नाही, ही योजनेची अटच होती. तेव्हा ‘नदी पूर्ववत झाली’ असे सरसकट विधान करणे योग्य नाही. मधला एक तुकडा पूर्ववत झाला, आणि तोही मोठाच आहे.

पहिल्या टप्प्यानंतर झालेले बदल उत्साहवर्धक होते. प्रवाह सुरू होताच पात्राच्या तळावरील सेंद्रिय गाळाचा थर सुमारे 71 टक्क्यांनी घटला आणि वळणांच्या आतल्या बाजूस वाळूचे दांडे पुन्हा दिसू लागले. पाण्यातील प्राणवायू वाढला. बास व सनफिश कुळातील माशांचे प्रमाण 38 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर गेले. पाण्यातून चालणारे बगळे परतले, अनेक वर्षे न दिसलेली बदके व किनारपक्षी दिसू लागले आणि गायबगळ्यांची संख्या ओसरली. हे सारे निर्विवादपणे सांगता येते, कारण काम सुरू होण्यापूर्वीच मूळ स्थितीची काटेकोर मोजणी झाली होती आणि नदीकडून कोणत्या बदलांची अपेक्षा आहे, हे 25 मोजता येण्याजोग्या विधानांच्या रूपाने लिहून ठेवण्यात आले होते. यश आल्यावर यशाची व्याख्या करण्याची सोय त्यामुळे उरली नाही. आपल्याकडील अनेक जलसंधारण प्रकल्पांच्या अहवालांत नेमकी हीच सोय ठेवलेली आढळते.

पूरमैदानावरील वनस्पतींचे चित्र मात्र इतके स्वच्छ नाही. पूर्वीच्या रुंदपानी पाणवनस्पतींऐवजी काही भागांत परदेशी प्रजातींनी आक्रमण केले. त्यांत पॅरा गवतही आहे. आपल्याकडे सांडपाण्यावर चाऱ्यासाठी ज्याची लागवड केली जाते, तेच हे गवत. वनस्पतींच्या या संथ प्रतिसादाचे एक कारण पुन्हा काळाशीच येऊन ठेपते. नदीला वर्षभर पाणी पुरावे यासाठी वरच्या सरोवरांत अधिक पाणी साठविण्याचे व ते सावकाश सोडण्याचे नवे वेळापत्रक योजनेत होते. पण 2021 साली बांधकाम संपले तेव्हाही ते पूर्णपणे लागू झालेले नव्हते. सरोवरांच्या काठची जमीन आणि तेथील रहिवाशांचे हितसंबंध यांचा प्रश्न माती लोटण्याइतका सोपा नव्हता. पात्राला आकार मिळाला, पण पावसाळ्याचे पाणी कोरड्या महिन्यांपर्यंत पुरविणारी सवड मात्र अपुरी राहिली.

स्फुरदाचा प्रश्नही या योजनेने सुटलेला नाही. ओकीचोबी सरोवरात वर्षाला 140 टनांपेक्षा अधिक स्फुरद जाऊ नये, अशी मर्यादा 2001 साली ठरविण्यात आली. प्रत्यक्षातील प्रमाण त्यानंतर तिच्या कितीतरी पट राहिले. कुरणांत आणि शेतांत दशकानुदशके साचलेले खत नदी वाकडी केल्याने नाहीसे होत नाही.

जेथे पाणीच वळविले आहे

काळाला दिलेले हे प्राधान्य सर्वत्र लागू पडेल असे नाही. फ्लोरिडाच्याच पूर्व किनाऱ्यावरील लॉक्सहॅची नदीचे उदाहरण त्यासाठी पाहावे. तिच्या वायव्य शाखेचे पाणी 1950च्या दशकात सी-18 या कालव्याने दुसऱ्या शाखेकडे वळविण्यात आले. त्यातच समुद्राकडील मुख खोल व कायमचे खुले झाल्याने भरतीचे खारे पाणी आत शिरू लागले. गोड्या पाण्यात वाढणारे शतायुषी सायप्रस वृक्ष मरू लागले आणि त्यांची जागा खारफुटीने घेतली. येथे प्रथम परिमाणाचाच प्रश्न आहे : खाऱ्या पाण्याला मागे रेटण्याइतके गोडे पाणी हवे. म्हणून 2003 साली एका ठरावीक बंधाऱ्यावरून किमान 35 क्युसेक प्रवाहाचा नियम करण्यात आला आणि 2020 साली संपूर्ण पाणलोट क्षेत्राच्या पुनःस्थापना प्रकल्पास संसदेची मान्यता मिळाली. परंतु येथेही पाणी हवे आहे ते कोरड्या महिन्यांत. पावसाळ्यात ते पुरेसे असते, किंबहुना कालव्यातून समुद्रात वाया जाते. म्हणून पावसाळी पाणी साठविणे आणि पाणथळ जागांतून ते झिरपू देणे, हाच या प्रकल्पाचा आधार आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

फ्लोरिडाची वाळू आणि दख्खनचा बेसॉल्ट यांत फार मोठा फरक आहे. आपल्या नद्यांचा उतार अधिक, पात्रे खडकाळ आणि पूरमैदाने अरुंद. त्यामुळे किसिमीचे आकडे जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. तथापि प्रश्न विचारण्याची पद्धत उचलता येते.

नांदूर मध्यमेश्वर हे जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे ते निर्माण झाले. म्हणजे तेथील पाणथळ स्वाभाविक नसून बंधाऱ्याची देणगी आहे, हा किसिमीच्या नेमका उलट प्रकार. येथील पाण्याची पातळी गंगापूर, दारणा आदी धरणांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याशी बांधलेली आहे, आणि ते सोडण्यामागे सिंचन, पिण्याचे पाणी व जायकवाडीचा वाटा यांचे हिशेब असतात. हे हिशेब टाळता येणार नाहीत. पण आवर्तन संपताना पातळी किती दिवसांत किती उतरावी, हे ठरविण्यास जास्तीचे पाणी लागत नाही. त्यासाठी केवळ वेळापत्रकात एक रकाना वाढवावा लागतो. हिवाळी स्थलांतरित पक्ष्यांच्या दृष्टीने हा रकाना निर्णायक ठरू शकेल.

दुसरा मुद्दा ओढ्या-नाल्यांचा. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण मोठ्या प्रमाणावर झाले. कोरड्या गावात यंत्राने खोदलेल्या नाल्यात पाणी साचलेले पाहून होणारा आनंद खरा असतो, आणि टंचाईग्रस्त शेतकऱ्याला पूरमैदानाचे महत्त्व ऐकविणे हा उद्धटपणा ठरेल. तरीही नाला खोल व सरळ झाला की थोड्या पावसात काठाबाहेर पसरणारे पाणी पात्रातच राहते, ही किसिमीने दाखवून दिलेली गोष्ट येथेही तितकीच खरी आहे. नाल्याकाठची दलदल, लव्हाळ्याचे पट्टे, पावसाळ्यात पाणी धरणारी सखल गायराने यांची नोंद अशा कामांपूर्वी किती ठिकाणी झाली असेल, याविषयी प्रस्तुत लेखक साशंक आहे.

किसिमीच्या बाबतीत कालव्यापूर्वीच्या काही दशकांच्या जलनोंदी आणि 1950च्या दशकातील हवाई छायाचित्रे उपलब्ध होती, म्हणूनच पाच निकष लिहिता आले. आपल्या लहान नद्यांसाठी अशी सामग्री बहुधा नसते. पण ती अगदीच नाही असेही नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे, गावांचे भूमापन नकाशे आणि वयोवृद्ध शेतकरी, कोळी व गुराखी यांची स्मृती ही साधने महाविद्यालयांतील भूगोल, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांच्या आवाक्यातील आहेत. नाल्याच्या एका ठरावीक ठिकाणी खुणेचा दांडा रोवून पाणी काठाबाहेर कोणत्या दिवशी गेले, किती दिवस राहिले आणि दर आठवड्यास किती उतरले, एवढे टिपण्यास उपकरणे लागत नाहीत. अडचण मुदतीची आहे. संशोधन प्रकल्पांना सहसा दोन-तीन वर्षे मिळतात, तर एकाच अवर्षणाने किंवा एकाच अतिवृष्टीने एवढ्या वर्षांच्या नोंदी फसव्या ठरू शकतात. त्यामुळे ही नोंदवही एखाद्या अध्यापकाच्या प्रकल्पाची न ठेवता विभागाची ठेवणे, आणि दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांकडे सोपविणे, अधिक सोयीचे होईल.